माझा नंबर लागेल का?

प्रवेशाच्या दिवसांत आपल्याकडे एक प्रश्न घरोघरी फिरतो. ‘मला इतके मार्क आहेत, अमुक कॉलेजात माझा नंबर लागेल का?’ मे-जूनमध्ये तो बारावी झालेल्या मुलांच्या तोंडी असतो, डिसेंबर-जानेवारीत कॅट दिलेल्यांच्या. तुम्ही तो कधी ना कधी विचारला असेल, किंवा तुम्हाला कोणी विचारला असेल आणि तुम्ही उत्तरही दिले असेल. कारण या प्रश्नाला ‘मला सांगता येणार नाही’ असे म्हणणारा माणूस आपल्यात विरळाच. काका सांगतात, क्लासचे सर सांगतात, एक वर्ष पुढे असलेला शेजारचा दादा तर छातीठोकपणे सांगतो. आता गुण भरले की शक्यता काढून देणारे कॅल्क्युलेटरही मोबाइलवर मिळतात.

सत्संगातील प्रश्नोत्तरांच्या भाषांतराची सेवा करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतो. कधी त्याला ‘चिंता’ असे नाव असते, कधी ‘एकाग्रता’, कधी ‘आईवडिलांच्या अपेक्षा’. आत डोकावले की बहुतेक वेळा प्रश्न हाच असतो. मी स्वतः कॉमर्सची विद्यार्थिनी असल्याने त्यातले आकडे मला परके नाहीत. म्हणूनच विचारावेसे वाटते: एखाद्याची शक्यता सांगतो तेव्हा आपण नेमके काय सांगत असतो? आणि ते सांगण्याचा आपल्याला अधिकार किती?

आधी आकड्यांचेच पाहू. कॅट २०२३ ही परीक्षा सुमारे २ लाख ८८ हजार जणांनी दिली. त्यात ९९ पर्सेंटाइल मिळाले की घरी पेढे वाटले जातात, कारण ऐकणाऱ्याला ते शंभरपैकी नव्याण्णव गुणांसारखे वाटते. पण पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, ती रांगेतली जागा आहे. ९९ पर्सेंटाइलचा अर्थ असा की तुमच्या पुढे साधारण २,८८० जण उभे आहेत. अहमदाबादच्या आयआयएममध्ये मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा चारशेच्या आसपास असतात आणि त्याही आरक्षणाच्या नियमांनुसार विभागलेल्या. शिवाय मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना तिथे कॅटच्या जोडीला दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही मोजले जातात. म्हणजे पंधराव्या वर्षी तापात दिलेला भूगोलाचा पेपर बाविसाव्या वर्षी पुन्हा समोर येऊन उभा राहतो. हे सगळे ज्याला ठाऊक आहे, त्याचा अंदाज पेढे वाटणाऱ्यांपेक्षा नक्कीच बरा असेल. आकडे माहीत असणे हे चांगलेच आहे. अज्ञानाला श्रद्धा म्हणण्याची सवय आपण सोडलेली बरी.

आता दिल्ली विद्यापीठाकडे वळू. कॉमर्स शिकणाऱ्या मुलांना श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स हे नाव सांगावे लागत नाही. १९२६ साली सुरू झालेले हे कॉलेज; देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात बारावी कॉमर्सच्या वर्गात त्याचे नाव घ्या, एक-दोन माना वर होतातच. २०२१ पर्यंत तिथला प्रवेश बोर्डाच्या गुणांवर होता. कॉलेज कट-ऑफ जाहीर करायचे आणि त्यात बसणारा जो कोणी मुदतीत येईल, त्या सगळ्यांना प्रवेश द्यावा लागायचा. कट-ऑफ खाली ठेवला तर जागांपेक्षा मुले जास्त येण्याची भीती, म्हणून तो वर वर जात राहिला. २०११ मध्ये बारावीला कॉमर्स नसलेल्यांसाठी या कॉलेजने १०० टक्क्यांचा कट-ऑफ लावला, तेव्हा देशभर चर्चा झाली. पुढे २०२० मध्ये लेडी श्रीराम कॉलेजने तीन विषयांसाठी १०० टक्के मागितले. तोपर्यंत लोकांना आश्चर्य वाटणेही कमी झाले होते.

इथे गंमत पाहा. कट-ऑफ म्हणजे काय, तर किती मुले येतील याविषयीचा कॉलेजचा अंदाज. आणि ‘माझा नंबर लागेल का’ म्हणजे त्या अंदाजाचा आपण केलेला अंदाज! २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली आणि आधीच्या वर्षांचे सगळे कट-ऑफ एका रात्रीत इतिहासजमा झाले. ती परीक्षा स्थिरावते आहे म्हणावे तर २०२५ मध्ये प्रत्येक विषयाचे पन्नासही प्रश्न सोडवणे सक्तीचे झाले, दोनशे गुणांचा पेपर अडीचशेचा झाला आणि ‘गेल्या वर्षी इतक्यावर मिळाले होते’ हे वाक्य पुन्हा निरुपयोगी ठरले. तरी लोक ते म्हणायचे थांबले नाहीत.

समजा, हे सगळे बदल झालेच नाहीत आणि मागच्या दहा वर्षांचे आकडे आपल्याजवळ नीट मांडून ठेवलेले आहेत. तरीही एक अडचण उरतेच, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. विम्याचा विषय शिकताना आम्हाला मृत्युदराचे कोष्टक शिकवतात. अमुक वयाच्या लाखभर माणसांपैकी वर्षभरात साधारण किती जातील, हे विमा कंपनीला बऱ्यापैकी अचूक सांगता येते. त्यातले कोण जातील, हे तिला अजिबात सांगता येत नाही. तिला त्याची गरजही नसते, कारण तिचा व्यवहार लाखाशी आहे. पण तुमच्या समोर बसलेली मुलगी ही लाखभर माणसे नव्हे. ‘तुझ्याएवढे गुण असलेल्या शंभरांपैकी वीस जणांना प्रवेश मिळाला’ हे विधान त्या शंभरांविषयी आहे. ते आपण उचलतो आणि ‘तुझी शक्यता वीस टक्के’ असे म्हणून तिच्या कपाळावर चिकटवतो. आणि ते शंभर कोणते, हेही आपणच निवडलेले असते. ती बडोद्याची आहे, घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, गणित पक्के, इंग्रजी कच्चे, मागच्या वर्षी आजी गेली म्हणून दोन महिने अभ्यास झाला नाही. हिला कोणत्या शंभरांत उभे करायचे? सारखे गुण असलेल्यांत? सारखी शाळा असलेल्यांत? गणित पक्के असलेल्यांत? प्रत्येक वेळी आकडा वेगळा येईल आणि प्रत्येक आकडा आपापल्या जागी खरा असेल.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधाराने कर्म घडते ते शरीर, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. आपण हे बहुधा मोठ्या कर्मांविषयी समजून वाचतो. परीक्षेचे तीन तासही त्यात बसवून पाहा. झोप झालेले किंवा न झालेले शरीर, लिहिणारा, त्याची बुद्धी आणि पुस्तके, त्याचे वर्षभराचे प्रयत्न आणि उरलेले सारे. शक्यता सांगणाऱ्याच्या हातात यातले काय असते? चेष्टेची एक खूण, म्हणजे गुणपत्रिका. एका कारणाच्या सावलीवरून तो पाचांचा हिशेब मांडायला बसतो. याच अध्यायात पुढे असेही सांगितले आहे की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची दृष्टी अपुरी आहे. हे परीक्षा देणाऱ्यासाठी तर आहेच, पण परीक्षा देणाऱ्याकडे बघणाऱ्यासाठीही आहे असे मला वाटते. ‘नापास झाला, म्हणजे मेहनत केली नसेल’ हे आपण किती सहज बोलून जातो!

दैव या शब्दाने काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. ललाटावर लिहून ठेवलेले असते, अशा अर्थाने मी तो वापरत नाही. माझ्या हाताबाहेरचे जे जे आहे ते, एवढाच अर्थ घेऊ. आपला पेपर कोणत्या शिफ्टला आला, त्या दिवशी इतरांनी कसा लिहिला, जागा किती निघाल्या. २०२२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशात दोघांचे गुण बरोबरीचे झाले, तर आधी बारावीच्या गुणांची तुलना व्हायची, ती सुटली नाही तर वयाने मोठा असलेला आधी, आणि तिथेही बरोबरी राहिली तर नावाची इंग्रजी वर्णानुक्रमे जागा पाहत. बारशाच्या दिवशी आत्याने कानात सांगितलेले नाव अठरा वर्षांनी असे कामाला येऊ शकत होते! क्वचितच आले असेल, पण नियमात ते होते. अर्थात दैवाच्या खात्यावर आपण जे ढकलतो त्यातले पुष्कळसे माणसांनीच ठरवलेले असते. तालुक्याच्या गावी अकरावीला गणिताचा शिक्षक नसणे, सीयूईटीचे केंद्र दूरच्या शहरात येणे, क्लासची फी. त्याला दैव म्हणून हात झटकणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही.

मग उत्तर काय द्यायचे? ‘सगळे ईश्वराच्या हाती’ असे म्हणून गप्प बसायचे? ते मला पटत नाही. विचारणाऱ्यासमोर ठोस निर्णय असतो. एक वर्ष गॅप घ्यायची का? वडिलांनी क्लाससाठी कर्ज काढायचे का? गावातल्या चांगल्या कॉलेजातली हाताशी आलेली जागा सोडायची का? अशा वेळी माहिती असूनही गप्प राहणे म्हणजे आपली जबाबदारी देवावर टाकून मोकळे होणे.

सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आहे. बोलणे खरे असावे, प्रिय असावे, हिताचे असावे आणि ऐकणाऱ्याच्या मनाला उद्वेग देणारे नसावे. चारही एकाच वेळी. एरवी हे सोपे वाटते. समोर कमी गुणांची गुणपत्रिका असते तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाला ‘सिलेक्शन पक्के’ असे सांगून दोन वर्षांची फी आगाऊ घेण्यात आली आणि त्यासाठी आजोबांची ठेव मोडली. बोलणे प्रिय होते, उद्वेगही नव्हता. सत्य आणि हित मात्र कुठेच नव्हते. दुसऱ्या एका मुलीला शाळेत सांगण्यात आले, ‘तू दिल्लीचा फॉर्मही भरू नकोस, उगाच पैसे जातील.’ तिने भरला नाही.

यातले जास्त वाईट कोणते? पैसे गेल्यामुळे पहिले जास्त वाईट दिसते आणि ज्यांची ठेव मोडली त्यांच्यासाठी ते आहेच. पण त्यात निदान एक दिवस असा येतो की खोटे उघडे पडते. निकाल लागतो, लोक त्या क्लासला नावे ठेवतात, पुढचा सावध होतो. दुसऱ्यात तो दिवस कधीच येत नाही. न भरलेल्या फॉर्मचा निकाल लागत नाही. ‘तुझ्याने होणार नाही’ म्हणणारा कधीही चुकीचा ठरू शकत नाही, कारण तो सांगतो आणि करून पाहण्याची वाटच बंद होते. म्हणून त्याला वर्षानुवर्षे वाटत राहते की आपला अंदाज अचूक असतो. मला वाटते, आशा दाखवणाऱ्यापेक्षा आशा काढून घेणाऱ्याने स्वतःला अधिक कडक तपासायला हवे. जो अंदाज कधी पडताळलाच जात नाही, त्याला सत्य कसे म्हणायचे?

याच्या उलट बाजूची एक सवय आपल्या सत्संगी मंडळींत फार आहे, तीही सांगून टाकते. नापास झालेल्या मुलासमोर आपण श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण ठेवतो. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्यांची शिष्यवृत्ती गेली, एफ.ए.ची परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत आणि पुढे केंब्रिजला पोहोचले. हे सगळे खरे आहे. पण जे नापास झाले आणि केंब्रिजला गेले नाहीत, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. एका रामानुजनांवरून शक्यता सांगणे आणि शंभरांच्या टक्केवारीवरून एकीचे भविष्य सांगणे, हे एकाच चुकीचे दोन चेहरे आहेत. शिवाय त्या मुलाला रामानुजन व्हायचे नसते. त्याला आज रात्री जेवण जाईल एवढे बरे वाटायला हवे असते.

इथे मूळ प्रश्नाकडे परत येते. ‘माझा नंबर लागेल का’ असे विचारणाऱ्याचा चेहरा तुम्ही नीट पाहिला आहे का? आकडा ऐकल्यावर तो निघून जात नाही. तो पुन्हा विचारतो, दुसऱ्याला विचारतो, रात्री मोबाइलवर तेच गुण चौथ्यांदा भरून पाहतो. माहितीच हवी असती तर ती एकदा मिळून पुरली असती. या प्रश्नाच्या आत दुसरा एक प्रश्न दडलेला असतो: ‘मी पुरेसा आहे का?’ त्याचे उत्तर टक्केवारीत देता येत नाही. ‘ऐंशी टक्के’ असे उत्तर आले तरी मन शांत होत नाही, ते उरलेल्या वीस टक्क्यांपाशी जाऊन बसते.

छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाची कथा आहे. तीही खरे तर प्रवेशाचीच कथा. सत्यकामाला गुरुकुलात राहून ब्रह्मचर्य पाळायचे होते. तिथे विचारला जाणारा प्रश्न होता गोत्राचा आणि त्याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. त्याने आईला विचारले. तिने सांगितले, तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करत असताना तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तू सत्यकाम, तेव्हा स्वतःला सत्यकाम जाबाल म्हण. त्या काळी एखाद्या काकांना विचारले असते तर त्यांनी शक्यता शून्य सांगितली असती आणि तेव्हाच्या रिवाजानुसार ते बरोबरही ठरले असते. सत्यकाम हारिद्रुमत गौतमांकडे गेला आणि जे आईने सांगितले ते जसेच्या तसे त्यांना सांगितले. गौतमांनी त्याला ठेवून घेतले, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता. मग चारशे अशक्त गायी त्याच्या हवाली केल्या; तो त्यांना घेऊन निघाला तो हजार झाल्यावरच परतायचे असे ठरवून.

ही कथा आपण गौतमांच्या मोठेपणासाठी सांगतो. मला त्यात जबाला अधिक दिसते. मुलगा विचारतो आहे आणि खरे उत्तर त्याची वाट अडवणारे आहे. ती खोटे गोत्र सांगू शकली असती. ‘तुला कोण घेणार, जाऊच नकोस’ असेही म्हणू शकली असती. तिने दोन्ही केले नाही. माहीत होते तेवढे सांगितले, नव्हते ते नाही म्हणून सांगितले, त्याला स्वतःचे नाव दिले आणि जाऊ दिले. तिला प्रवेशाची शाश्वती नव्हती. पण प्रवेश मिळो न मिळो, मुलगा दारात उभा राहील तेव्हा त्याच्या नावाला आईचे नाव जोडलेले असेल, याची तिने व्यवस्था केली.

आजची विद्यापीठे गौतमांसारखी एकेकाकडे बघू शकत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लाखो अर्ज असतात. संख्येने निवडणे ही त्यांची गरज आहे. ती घरच्या माणसांची गरज नाही. घरचा माणूसही जेव्हा परीक्षा मंडळासारखा मुलाकडे पाहू लागतो, तेव्हा त्या मुलाला माणूस म्हणून पाहणारे कोणी उरत नाही.

तर मग कोणी विचारले की मी काय करते? आकडा ठाऊक असेल तर सांगते आणि तो कोणत्या वर्षाचा, कोणत्या गटाचा हेही सांगते. तो तुझ्याविषयी नाही, हे शब्द उच्चारून सांगते, कारण न सांगता ते कोणी गृहीत धरत नाही. पैशांचा किंवा वर्षाचा निर्णय असेल, तर नंबर लागला नाही असे धरून काय करशील ते आधी विचारते. हे मी हिशेबाच्या वर्गात शिकले. कंपनीवर दावा लागला असेल आणि देणे द्यावे लागण्याचा संभव असेल तर त्याची तरतूद आताच करतात. पण कंपनीने दुसऱ्यावर लावलेल्या दाव्यातून पैसे येण्याची नुसती आशा असेल, तर ती ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरत नाहीत. आशेला तिथे मनाई नाही, फक्त तिच्या भरवशावर घेणेकऱ्यांना शब्द देता येत नाही. प्रवेशाचेही तसेच. आलेला नसताना तो आपल्या किमतीत धरू नये, म्हणजे हुकला तर किमतीतून वजाही करावा लागत नाही.

आणि एका जागी तर मी हा प्रश्न विचारूच देत नाही. दिल्ली विद्यापीठात गुण आल्यावर कॉलेज आणि अभ्यासक्रमांचे पसंतीक्रम भरायचे असतात. जागा देताना तुमच्या यादीत वरून खाली येत, तुमच्या गुणांत बसणारी सर्वांत वरची पसंती तुम्हाला दिली जाते. वरची पसंती मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क जात नाही. तरी दर वर्षी मुले ‘तिथे काही माझा नंबर लागायचा नाही’ असे म्हणून मनापासून हवे असलेले कॉलेज सातव्या-आठव्या ओळीत टाकतात आणि ‘हे नक्की मिळेल’ ते पहिल्या ओळीत. मग पहिल्या ओळीतले मिळते आणि गुण असूनही सातव्या ओळीचा विचारच होत नाही. त्या यादीत जे सर्वांत हवे ते पहिले लिहा, त्यानंतरचे दुसरे, आणि यादी शक्य तितकी लांब करा. मुदत संपली की ती आपोआप बंद होते, तेव्हा त्याआधी एकदा वरून खाली वाचून पाहा.